बैलबाजाराच्या रीतीनं घेतलेला कॅमेरा

हसाचं असन तं आताच हसून घ्या बाप्पा. एकदा माझी फजिती सुरू झाली का तुम्हाले चहा गिळता येणार नाही, आन् मग बशी सांडली म्हणून माझ्याच नावानं बोंबलान.

मी शाळा पाह्यली ते बाहेरून. आत मास्तर होते, आन् बाहेर माझे बैल. बैल सोडून आत जाणं बरं दिसलं नाही, म्हणून बाहेरच राह्यलो. अक्षर येत नाही, पण बैल? विचारू नका! आमचा तांडा बोरी अरबच्या पुढं. आमच्या आज्या-पणज्यानं बैलायच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पायाखाली घातला. बैल कसा पाहाचा, कसा घ्याचा, हे आम्हाले कोणी शिकवत नाही. ते रक्तातच असते.

बस, हे ‘रक्तात असते’ म्हणणंच माझ्या अंगावर आलं. ऐका.

माझी नात मंजू. पोराची पोरगी. उंचीनं एवढीशी, गर्दीत उभी राह्यली तं दिसतच नाही. पण जिद्द म्हणान तं ताडाएवढी. बारावी झाल्यावर दारव्ह्याच्या एका फोटो स्टुडिओत कामाले लागली. लोकायच्या लग्नाचे अल्बम चिटकवे. तीन वर्षं दुसऱ्याच्या फोटोले डिंक लावला पोरीनं, आन् एक दिवस म्हणे, “आबाजी, मले माझा कॅमेरा घ्याचा हाये.”

ते वर्षं कशी होती, तुम्हाले माहीतच हाये. कपाशीच्या पराटीवर लाल्या रोग, कापूस घरात पडून, भाव पाताळात. तवा शहरातून पेपरवाले येत. एवढे मोठमोठे कॅमेरे गळ्यात! सरळ वावरात जात आन् वाळलेल्या पराटीचा फोटो काढत. मग माणूस धुंडत. एकदा मले वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बसवलं. मले काय माहीत? फोटो म्हटल्यावर मी आपला दात काढून हसलो. तं तो म्हणे, “बाबा, हसू नका. दुःखी बसा.”

“मी दुःखी बसलो तं बैल बुजते,” मी म्हटलं.

तो ऐकेच ना! शेवटी मंजूची आजी कुडाआडून वरडली, “त्याइले म्हणा, हा माणूस झोपला का आपोआप दुःखी दिसते, तवा काढा!”

मंजू हे सारं पाहून राह्यली होती. त्याच दिवशी तिनं त्या पेपरवाल्याच्या हातून कॅमेरा मागून घेतला, डोळ्याले लावला, आन् वापस देताना काय म्हणाली? “दादा, आमच्या इकडचे हसरे फोटो कोणीच काढत नाही. मी काढन.”

पेपरवाला हसला. मी पण हसलो. पोरगी नाही हसली.

तं आता तिले पहिली ऑर्डर भेटली. शेजारच्या तांड्यात लग्न. नवरीच्या बापानं सांगितलं, “मांडव लहान राहीन, जेवण साधं राहीन, पण फोटो पाह्यजे. तूच काढ, मंजू.” लग्नाले आठ दिवस. हे काम चांगलं झालं तं पोरगी तिच्या पायावर उभी होणार. नाही झालं तं पुन्हा डिंक.

आता कॅमेरा कोणता? दोन होते. दोन्ही नव्या माणसासाठी, शिकाऊ गाडीसारखे. मंजूनं महिनाभर स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर पाहून वहीत दोन रकाने केलते. हा वजनाले हलका, तो जड. ह्याची बॅटरी इतके फोटो चालते, त्याची तितके. अंधारात ह्याचा फोटो दाणेदार येते, त्याचा थोडा साफ. रोज सांजी मले वाचून दाखवे. मी हो हो करो. पोराच्या लग्नाच्या वेळेस पोरीबद्दल एवढी चौकशी नव्हती केली आम्ही!

“मग तुले कोणता आवडला, सांग ना एकदाचं,” मी म्हटलं.

“तो फिरत्या पडद्याचा,” मंजू म्हणे. “त्याच्या मागचा पडदा दारासारखा उघडते, आबाजी, आन् खाली वाकवता येते. मी बुटकी. लग्नात मानसं समोर भिंतीसारखे उभे राह्यते, मले नवरदेवाचं बाशिंगही दिसत नाही. हा कॅमेरा मी हात वर करून डोक्यायच्या वरतं धरला, तरी मले खालून पडद्यात सारं दिसन.”

पटलं मले. शंभर टक्के पटलं! मनात म्हटलं, हाच घ्याचा.

कापूस वेचणीचे दिवस, पोराले वावरातून निघता येईना. म्हणून मंजूसंगं यवतमाळले मी गेलो. धुतलेलं धोतर नेसलो. एसटीत बसल्यावर तिले एकच सांगितलं, “दुकानात तू बोलू नको. मी बोलतो.”

“बरं आबाजी.”

आता इथं थांबा. चहा ठेवा खाली. बैलबाजारात जो बैल आवडते, त्याच्याकडं पाहाचं नाही. हे पहिलं. दुसरं, शेजारचा बैल उचलून धराचा, अन् आवडलेल्याले नावं ठेवाची. त्याच्या शेपटीची खोड काढाची, खुराची काढाची, चालीची काढाची. बैल विकणारा हेडी घाबरते, भाव उतरवते. संगंच्या माणसानं मधात तोंड घातलं तं त्याचा पाय दाबाचा. म्हणजे ‘चूप राह्य, आपलं जमून राह्यलं’. आन् शेवटी धोतर झटकून उठाचं, आन् मागं न पाहता चालाले लागाचं. हेडी धावत येते. आलाच पाह्यजे!

हे मी मंजूले सांगितलं का? नाही. कायले सांगू? रक्तातच हाये ना!

दुकान चकाचक. काचेचं सारं. दुकानवाला तिशीतला, चष्म्याचा, बोलाले गोड. बाजूले एक जाडजूड गिऱ्हाईक, कुठच्या तरी स्टुडिओचा मालक, तो पण कॅमेरा पाहाले आलता. दुकानवाल्यानं दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवले. मंजूचा हात फिरत्या पडद्याच्या कॅमेऱ्याकडं गेला. मी झटक्यानं दुसरा उचलला.

“हे जनावर गरीब दिसते,” मी म्हटलं.

“जनावर?” दुकानवाला.

“कॅमेरा हो!”

“हो बाबा, हा एकदम सोपा आहे. हलका पण आहे. आणि ह्याच्या डब्यात दोन लेन्स येतात, एक जवळची, एक लांबची.”

“दोन!” मी डोळे वटारले. “ऐकलं का मंजू? गाईसंगं वासरू फुकट!”

मंजू म्हणे, “पण आबाजी, पडदा...”

मी पाय दाबला. ते चूप.

मग मी त्या आवडलेल्या कॅमेऱ्याकडं अशा नजरेनं पाह्यलं, जशी व्याहीण जेवणाकडं पाह्यते. “आन् ह्याचं काय? ह्याचा पडदा हालते.”

“हलत नाही बाबा, फिरतो. मुद्दाम तसा केलाय.”

“जे हालते ते तुटते. बैलाचं शिंग हालत असन तं तुम्ही म्हणान का, मुद्दाम केलं?”

स्टुडिओवाला खो-खो हसला. “पॉइंट आहे बाबांचा!”

झालं! मले चढली ना! बाजारात चार मानसं ऐकाले लागले का मी बैलाची पत्रिका काढतो. मी म्हटलं, “समोरचं झाकण काढा. दात दाखवा.” दुकानवाल्यानं झाकण काढलं. मी भिंगात डोकावलो. आत निळं-जांभळं चमकून राह्यलं होतं.

“डोळा पाहा कसा निळा पडला! मोतीबिंदूची सुरुवात अशीच असते.”

“बाबा, ते कोटिंग आहे.”

“ते काहीही असो, रोग हाये.”

मग दोन्ही हातात घेऊन तोलले. “हा जड हाये. पावशेरानं जड. दिवसभर माह्या नातीनं मान मोडून घ्याची काय?”

स्टुडिओवाला आता माझ्या अगदी जवळ सरकला. “भाऊ,” तो दुकानवाल्याले म्हणे, “बाबांची नजर जबरदस्त आहे. मी पण ह्या फिरत्याच्याच विचारात होतो. नको. मला पण तो दोन लेन्सचा दाखवा.”

आन् मंजू? तिचा चेहरा असा उतरला, असा उतरला का काय सांगू. डोळे पाण्यानं भरले. आन् मी बुढा मनात काय म्हणतो? ‘वा रे माझी वाघीण! काय नाटक करते! डोळ्यात खरंखुरं पाणी आणलं! रक्त हाये, रक्त!’

ते हळूच म्हणे, “आबाजी, तुम्हाले तो बिलकुल नाही आवडला काय?”

“छ्या! फुकट दिला तरी गोठ्यात बांधणार नाही!”

“मग... तुम्ही म्हणता तोच घेऊ.”

शाब्बास! आता शेवटचा डाव. मी उठलो, धोतर झटकलं, आन् मागं न पाहता दुकानातून निघालो. समोर चहाची टपरी. बसलो. एक चहा घेतला. दुकानवाला धावत आला नाही. पक्का हेडी दिसते, मनात म्हटलं. दुसरा चहा घेतला. तरी नाही. तिसरा मागवावा का, असा विचार करून राह्यलो, तं मंजूच थैली घेऊन आली.

“जमलं?”

“जमलं, आबाजी.”

“भाव उतरला?”

“हो. हा थोडा कमीच होता.”

सांगतो तुम्हाले, माझी छाती एवढी फुगली का कुडत्याचं बटन तुटते का काय! शहराच्या काचेच्या दुकानात, जिथं भाव पक्का असते म्हणते तिथं, मी भाव उतरवला! एसटीत बसलो तं ते भराची वाट पाहत अर्धा घंटा उभीच. तेवढ्यात मी शेजारच्या मावशीले, तिच्या मांडीवरच्या लेकराले, खिडकीतून फुटाणे विकणाऱ्याले, साऱ्यायले सांगून टाकलं, बाजार करणं म्हणजे काय असते ते.

गाडी निघाली. आन् मले एक गोष्ट खटकली.

नवा बैल घरी आणतो ना आपण, तं दहा पावलावर एकदा वळून पाह्यतो. त्याच्या पाठीवर हात फिरवतो. उगीच थांबून गवत टाकतो. जीवच राह्यत नाही. आन् मंजूनं? डब्बा थैलीत, थैली पायाशी, आन् पोरगी खिडकीबाहेर पाहून राह्यली. तीन वर्षं ज्याच्यासाठी डिंक लावला, त्या डब्ब्याची तिनं पट्टीसुद्धा काढली नव्हती.

“मंजू, पाह्य तं खरं एकदा.”

“घरी पाहू.”

“अवं, तो पडदा तरी फिरवून दाखव मले.”

“ह्याचा नाही फिरत, आबाजी.”

“नाही फिरत म्हणजे? बिघडला?”

“हा दोन लेन्सवाला हाये. तुम्हाले आवडला तो.”

देवा रे! एसटीत एवढा खडखडाट, पण मले काही ऐकू येईना.

“मले कुठी आवडला?” मी वरडलो. “मले तं तो फिरत्या पडद्याचाच आवडला!”

“मग गोठ्यात बांधणार नाही म्हणे ते?”

“ते आवडला म्हणूनच ना!”

कंडक्टर वळून पाहाले लागला. शेजारची मावशी म्हणे, “बाई, बुढ्याले ऊन लागलं वाट्टे.”

लोहारा आला. मी उठून दांडा धरला. “थांबवा हो! उतरू द्या!”

“बाबा, तिकीट बोरी अरबचं हाये ना?” कंडक्टर म्हणे.

“तिकिटाले बोरीले जाऊ द्या. आम्ही इथंच उतरतो.”

उतरलो. वापस जाले ऑटो केला. ऑटोत मी तिले बाजाराची रीत सांगितली. न पाहणं, नावं ठेवणं, पाय दाबणं, उठून चालणं. सारं. ते ऐकत राह्यली. मले वाटलं, आता चिडन. चिडली असती तं बरं झालं असतं. पण ते हळूच म्हणे,

“आबाजी, मी तिसरीत होती तवा तुमच्या बैलाचं चित्र काढलं होतं. तुम्ही म्हणे, कोंबडं चिखलातून चाललं काय.”

मी खाली पाह्यलं. “ते लय आवडलं होतं मले. तुह्या आजीच्या पेटीत हाये अजून.”

“आन् मी बारावी पास झाली तं म्हणे, एवढ्यासाठी कायले पेढे?”

“त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन दोन्ही बैलायले पेढा चारला. आजीले विचार.”

“आन् मी स्टुडिओत लागली तं म्हणे, डिंक लावाले का शाळा लागते?”

“अवं बाप्पा...” मी कपाळावर हात मारला.  चार बैलायचा भाव उतरवता उतरवता मी घरच्या लेकराचा भाव उतरवत आलतो, आन् लेकराले ते खरं वाटत आलतं! कोणी धावत येईल म्हणून मी साऱ्या जन्मभर उठून चाललो, आन् ते बिचारी मांगंच उभी राह्यली.

मंजू हसाले लागली. मग रडाले लागली. मग दोन्ही संगंच. ऑटोवाल्यानं आरसा फिरवून पाह्यलं आन् म्हणे, “बाबा, दवाखान्यात घेऊ का?”

“नाही रे. कॅमेऱ्याच्या दुकानात घे. दुखणं तिथलं हाये.”

दुकानात पोचलो तं स्टुडिओवाला तिथंच. नव्या कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालून पाहून राह्यला होता. मले पाहून खूश! “या बाबा! हे बघा, तुमच्या सांगण्यावरून घेतला, दोन लेन्सचा!”

आता काय करता? मी दुकानवाल्याच्या पुढं हात जोडले. “भाऊ, मी सकाळी तुमच्या त्या कॅमेऱ्याले नावं ठेवली. सारी खोटी. आम्हाले तोच पाह्यजे.”

दुकानवाला चष्म्यावरून पाह्यते. “पण पडदा हलतो म्हणालात ना?”

“अप्रतिम हालते. पडदा असाच हालाले पाह्यजे.”

“आणि जड आहे म्हणालात?”

“हातात काहीतरी हाये असं वाटाले नको काय?”

“आणि तो मोतीबिंदू?”

“तो माझ्या डोळ्यात हाये. सरकारी दवाखान्यात सांगितलंच हाये, कापा म्हणून.”

स्टुडिओवाल्याच्या गळ्यातला पट्टा गळ्यातच राह्यला. “अहो बाबा! आणि मी आत्ताच पैसे दिले ना तुमच्या भरवशावर!”

“तुमचाही चांगला हाये भाऊ. खरंच गरीब हाये. सोपा हाये.”

त्यानं माझ्याकडं डोळे बारीक करून पाह्यलं. “हे आता खरं सांगताय, की बाजारातलं?”

घ्या! आता माझ्या खऱ्यालेही कोणी विचारीना.

पण दुकानवाला भला माणूस. डब्ब्याची पट्टी पाह्यली, न उघडलेली. मंजूचं मन नव्हतं झालं उघडाचं, आन् तेच कामी आलं. वरचा फरक घेऊन त्यानं फिरत्या पडद्याचा डब्बा काढून दिला. म्हणे, “एकच उरलाय बाबा. तुम्ही गेल्यावर तीन जण आले. तुम्ही केलेली बदनामी ह्या भाऊंनी प्रत्येकाला ऐकवली, कोणी हात नाही लावला.”

म्हणजे पाहा, राखला तो मीच!

यावेळेस मंजूनं दुकानातच डब्बा उघडला. पडदा उघडला, मिटला, उघडला, मिटला. एसटीत पुन्हा उघडला. बोरी येईपर्यंत मी मोजलं नाही किती वेळा, पण शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, “दार बिघडलं काय त्याचं?”

मग लग्न. मांडव खरंच लहान होता. त्या वर्षी साऱ्यायचेच लहान होते. पण मानसं तेवढेच आले, आन् नवरदेवाभोवती भिंत करून उभे राह्यले. मंजू मांगं. मले तं तिची वेणीही दिसेना. एवढ्यात भिंतीच्या वरतं दोन हात आले, हातात कॅमेरा, पडदा खाली वाकलेला. तो कॅमेरा असा डोक्याडोक्यावरून फिरे, जसा उभ्या पिकावरून बगळा जाते.

जेवणं झाल्यावर मंडळी मांडवातच बसली होती. मंजूनं कॅमेरा माझ्यापुढं धरला. एक-एक फोटो सरकवत गेली. आन् एका फोटोवर मी थांबलो. नवरीचा बाप होता. बाजूले उभ्या पोरीचा हात धरून, तोंड आकाशाकडं, सारे दात बाहेर, असा हसून राह्यलेला! दोन हंगाम झाले, त्या माणसाले मी हसताना पाह्यलं नव्हतं. वावरात भेटे तं ‘राम राम’ही जमिनीकडं पाहून करे. आन् तो पाहा, तिथं, पडद्यात, हसून राह्यला.

 आन् खोटं कायले बोलू? जिभेवर आधी तेच आलं, जुनं. ‘नाक वाकडं आलं बुवाचं.’ ओठापर्यंत आलं. मी गिळलं. मनात म्हटलं, नाही बुढ्या, आज नाही. आज सरळ. चारचौघात सरळ. मी खाकरलो, ताठ बसलो, आन् साऱ्यायले ऐकू जाईन असं म्हटलं,

“मंजू, लय सुंदर फोटो काढला माय तू. असा फोटो मी जन्मात पाह्यला नाही.”

 मंजूची आजी हातातला पानाचा विडा घेऊन तशीच बसली.

मंजूनं माझ्याकडं पाह्यलं. कॅमेऱ्याकडं पाह्यलं. पुन्हा माझ्याकडं पाह्यलं. आन् पोरीचं तोंड एवढंसं झालं.

“एवढा खराब आला काय, आबाजी?”